स्थापत्याचे शिक्षण कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभियांत्रिकी शिक्षणाची चर्चा निघाली की ती बहुधा दोन प्रश्नांवर येऊन थांबते. प्रवेश कोणाला मिळतो आणि शुल्क किती पडते? हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत व त्यांसाठी झालेले लढे योग्यच होते. परंतु तिसरा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रवेश मिळालेला विद्यार्थी चार वर्षे शिकतो काय, आणि ती विद्या अखेर कोणाच्या दारापर्यंत पोचते?

हा प्रश्न सर्वच शाखांना लागू असला तरी स्थापत्य अभियांत्रिकीला तो अधिक लागू पडतो. रस्ता, पूल, धरण, कालवा, शाळा, घर यांचा ज्याच्याशी संबंध येत नाही असा माणूस नाही. आणि औरंगाबाद शहरात, २०२३ पासून ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले त्या शहरात, तो विचारणे विशेष सयुक्तिक आहे. कारण मराठवाड्याने एका पिढीच्या आयुष्यात दुष्काळ पाहिला, धरण पाहिले आणि भूकंपही पाहिला. या तिन्ही गोष्टी स्थापत्यशास्त्राच्या कक्षेत येतात.

प्रथम थोडा इतिहास पाहू जाता असे दिसते की, या देशातील स्थापत्याचे शिक्षण जनतेच्या मागणीतून जन्मलेले नाही. रुरकीचे महाविद्यालय १८४७ साली निघाले ते गंगेच्या कालव्याच्या कामाला माणसे हवी होती म्हणून. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून. साहेबाने आराखडा करावा, एतद्देशीय ओव्हरसियरने तो जमिनीवर उतरवावा आणि मजुराने माती वाहावी, अशी ती उतरंड होती. या उतरंडीत ओव्हरसियरचे तोंड वर, साहेबाकडे असे. खाली पाहावयाचे ते फक्त काम मोजण्यापुरते. शिक्षणाची ही मांडणी स्वातंत्र्यानंतर नावानिशी बदलली असली तरी तिची सवय पुरती सुटली आहे असे म्हणता येत नाही.

मराठवाड्याच्या वाट्याला तर हेही शिक्षण उशिरा आले. निजामाच्या राजवटीत अभियांत्रिकीचे महाविद्यालय १९२९ साली निघाले ते हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठात, आणि त्याचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला ते अंतराने दूर आणि भाषेनेही दूर होते. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० साली, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. पुण्याच्या वर्गानंतर शंभराहून अधिक वर्षांनी! प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष मोजताना रस्ते व सिंचनाबरोबर तंत्रशिक्षणाचाही स्वतंत्र विचार केला, त्यामागे हा इतिहास होता.

त्याच १९८३ साली राज्य शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, औरंगाबादेतही वाढल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शिक्षणाचा भार सरकारच्या खांद्यावरून पालकाच्या खांद्यावर गेला. जमीन गहाण टाकून किंवा बँकेचे कर्ज काढून ज्याने पदवी घेतली, त्याने प्रथम कर्ज फेडील अशी नोकरी शोधावी, हे स्वाभाविक आहे. त्याला दोष देऊन काही साधत नाही. परंतु शुल्काची आणि विद्येच्या दिशेची अशी सांगड असते, हे मात्र ध्यानात घ्यावयास हवे. २०१० नंतरच्या दशकात अनेक महाविद्यालयांत स्थापत्य शाखेच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि संगणकाच्या जागांवर झुंबड उडाली. गावाला घरे, पाणी आणि रस्ते यांची गरज कमी झाली होती म्हणून हे झाले काय? तसे मुळीच नाही. गरज होती, पण त्या गरजेच्या हातात पैसा नव्हता.

आता शिकवले जाते काय, ते पाहू. स्थापत्याच्या विद्यार्थ्याचा पाया गणिताचा आणि बलशास्त्राचा असतो. त्यावर भूमापन, जलविज्ञान, मृदाशास्त्र, संरचनांचे विश्लेषण, काँक्रीट व पोलाद यांचे संकल्पन आणि शेवटी कामाचे अंदाजपत्रक अशी रचना उभी राहते. संरचनाशास्त्राचे सारे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते भाराच्या प्रवासाचे शास्त्र आहे. छपराचा भार तुळईवर, तुळईचा खांबावर, खांबाचा पायावर आणि पायाचा जमिनीवर कसा उतरतो, वाटेत कोठे अडतो, कोणता दुवा प्रथम तुटेल, याचा हिशेब म्हणजे संरचनाशास्त्र. हे शास्त्र कठीण आहे आणि कसून शिकले पाहिजे. समाजनिष्ठेच्या नावाखाली गणित पातळ करावे असे कोणी सुचवील तर तो गरिबाचाच घात होईल. श्रीमंताची इमारत चुकीच्या हिशेबानंतरही दुरुस्त होऊ शकते. गरिबाचे घर एकदाच बांधले जाते.

तक्रार वेगळी आहे. हा हिशेब शिकवला जातो तो मुख्यत्वे आर.सी.सी.च्या सांगाड्याचा. मराठवाड्यातील बहुसंख्य माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्या दगडमातीच्या घरात राहिली, त्या घराचा हिशेब अभ्यासक्रमात कडेला उभा असतो. याची किंमत काय पडते हे ३० सप्टेंबर १९९३ रोजी कळले.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी व परिसरातील लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांची भूमी हादरली. सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे मेली. इतर अनेक अंदाज याहून मोठे आहेत. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान होती. १९८९ साली कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा, म्हणजे याहून मोठा, भूकंप झाला. तेथे ६३ माणसे मेली. दोन्ही ठिकाणी पृथ्वीचे हादरणे नैसर्गिकच होते. मृत्यूंच्या आकड्यांतील अंतराला मात्र निसर्ग जबाबदार नव्हता.

किल्लारीच्या घरांचे गणित अवघड नाही. तेथील माळवदावर मातीचा जाड थर असे. उन्हाळ्यात घर थंड राहावे आणि पावसात गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर आणखी माती पडे. अर्धा मीटर जाडीचा थर धरला तर एका चौरस मीटरवर सुमारे ८५० किलो वजन होते. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीवर हे वजन दहा टनांच्या पुढे जाते. तेवढ्याच खोलीवरच्या १२ सेंटिमीटर जाडीच्या आर.सी.सी. स्लॅबचे वजन साडेतीन ते चार टन भरते. भूकंपाचा आडवा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जितके ओझे डोक्यावर, तितका धक्का मोठा. या ओझ्याखालच्या भिंती जाड होत्या, पण आतून सांधलेल्या नव्हत्या. बाहेरच्या तोंडाचा एक थर, आतल्या तोंडाचा एक थर आणि मध्ये गोट्यांचा व मातीचा भराव. दोन्ही तोंडांना बांधून धरणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून फाकले, भिंत फुगली आणि छप्पर खाली आले. ज्या जुन्या घरांत छप्पर लाकडी खांबांच्या खणांवर स्वतंत्रपणे तोललेले होते, त्यांतील काही घरांच्या भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिले.

याचा अर्थ असा की दगड दोषी नव्हता, मातीही दोषी नव्हती. ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांची नीट सांधणी, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा आणि छपरावरच्या मातीला मर्यादा, एवढ्या चार गोष्टींनी पुष्कळ जीव वाचले असते. या गोष्टी त्या काळी अज्ञात होत्या असेही नाही. कमी बळाच्या दगडी बांधकामाविषयी आणि मातीच्या घरांविषयी भारतीय मानक संस्थेच्या सूचना १९९३ सालीच प्रसिद्ध झाल्या. ज्ञान होते, पण ते इंग्रजी पुस्तिकेत होते आणि गवंडी गावात होता. या दोघांच्या मध्ये जो उभा राहावयास हवा, तो पदवीधर अभियंता दगडी घर बांधायला शिकलेलाच नव्हता.

नकाशाची कथा याहून बोलकी आहे. दख्खनचे पठार स्थिर आहे ही समजूत ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने मोडली. त्यानंतर कोयनेचा परिसर नकाशावर वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. किल्लारी मात्र सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यातच राहिली आणि १९९३ पर्यंत तेथेच होती. २००२ च्या सुधारणेत पहिला पट्टा रद्द झाला व किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. दोन्ही वेळा नकाशा बदलला तो प्रेते मोजून झाल्यावर. विद्यार्थी हा नकाशा मानक म्हणून पाठ करतो, ते योग्यच आहे. पण तो नकाशा माणसांनी, अपुऱ्या माहितीवर, केलेला आहे आणि तो चुकू शकतो, हेही त्याच तासाला शिकवले गेले पाहिजे.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी व शेतमजूर खडी फोडायला बसले. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली देशभरासाठी कायदा झाला तो याच वाटेने. महाराष्ट्राच्या श्रमिक चळवळीची ही मोठी कमाई आहे.

परंतु या योजनेत मजुरी ठरत असे ती झालेल्या कामाच्या मापावर, आणि माप अभियंत्याच्या वहीत असे. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खड्डा म्हणजे साडेचार घनमीटर खोदाई. खोली मोजताना टेप पाच सेंटिमीटर कमी लागला की मजुरीचा दहावा भाग गेला. त्याहून नाजूक बाब वर्गवारीची. माती, मुरूम, कठीण मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे. कुदळ उडवून परत फेकणारा कठीण मुरूम वहीत साधा मुरूम म्हणून लिहिला गेला, तर दिवसभर राबलेल्या बाईच्या हातात किमान मजुरीही पडत नसे. मग मजूर आळशी ठरे आणि वही निर्दोष राहे. माती वाहून नेण्याचे अंतर आणि ती चढवण्याची उंची यांचीही तीच गत. महाविद्यालयात घनफळ काढण्याची सूत्रे उत्तम शिकवली जातात. त्या घनफळाच्या पलीकडे कोणाची तरी संध्याकाळची भाकरी आहे, हे कोणत्या प्रश्नपत्रिकेत येते?

येथे कार्यकर्त्यांनीही एक गोष्ट मनाशी तपासून पाहावी. चळवळीने मोर्चे काढले, घेराव घातले, मजुरीचे दर वाढवून घेतले. पण मोजमाप पुस्तक उघडून त्यातली ओळ अन् ओळ वाचणारे कार्यकर्ते किती तयार झाले? दरपत्रक वाढले आणि वर्गवारी खाली आली, तर लढाई कागदावर जिंकून खड्ड्यात हरली जाते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला कामाची पाहणी करण्याचा, नोंदींच्या प्रती मिळवण्याचा, इतकेच नव्हे तर वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला. या शेवटच्या अधिकाराचा वापर फार थोडा होतो, कारण नमुना घेतल्यावर त्याचे करावयाचे काय हे सांगणारा जाणकार सोबत नसतो. तो जाणकार शहरातल्या वसतिगृहात बसलेला आहे. त्याला कोणी बोलावलेले नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा. ज्या शहरात हे महाविद्यालय आहे, ते शहरच पाण्याच्या स्थापत्यावर वाढले. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. ठिकठिकाणचे हवेचे बंब आजही त्याची साक्ष देतात. पुढे जायकवाडी झाले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे आणि १०२ टीएमसी क्षमतेचा नाथसागर. कोणाही विद्यार्थ्याने अभिमानाने पाहावे असे हे काम आहे. तरीही धरणाचे पाणी उपसून घेणाऱ्या याच शहरात नागरिकांनी वर्षानुवर्षे चार-चार, आठ-आठ दिवसांआड नळाचे पाणी भरले, आणि पाण्यासाठी ज्यांची गावे बुडाली ते विस्थापित या हिशेबात कोठेच आले नाहीत.

विद्यार्थ्यांची सहल पैठणला जाते. दरवाजे पाहिले, भिंतीवर छायाचित्र काढले, बस परत फिरली. ती बस कालव्याच्या शेवटच्या टोकाला जावयास हवी, जेथे आवर्तनाचे पाणी पोचता पोचत नाही. ती पुनर्वसित गावांतही जावयास हवी. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते. त्याच काळात दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली व जलमार्ग-सिंचन विषयक केंद्रीय आयोग स्थापन झाला. मजुरांचे खाते आणि पाणी-विजेचे खाते एकाच माणसाच्या हाती होते. श्रम आणि स्थापत्य हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत हे समजून घ्यावयास याहून चांगला धडा नाही, आणि तो अभ्यासक्रमात नाही.

यावर आक्षेप येईल की अभ्यासक्रम वरून ठरतो, नोकऱ्या काँक्रीटमध्ये आहेत आणि खेडेगावातही आता लोक दगड सोडून स्लॅब घालतात. शेवटची गोष्ट खरी आहे. पण तो स्लॅब कोण घालतो? बहुधा ज्याने कधी नकाशा पाहिलेला नाही असा गवंडी, अंदाजाने सळई टाकून, काळ्या मातीत मुरूम लागण्यापूर्वीच पाया उचलून. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतीला दोन वर्षांत चीर पडते. म्हणजे दगड गेला तरी अभियंता गावात आलेलाच नाही. घर बदलले, अंतर तेवढेच राहिले.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. दगडमातीच्या आणि साध्या विटांच्या घरांचे संकल्पन व मजबुतीकरण हा पूर्ण गुणांचा विषय व्हावा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावातील दहा घरे तपासून त्यांचे दोष व उपाय घरमालकाला समजेल अशा मराठीत लिहून द्यावेत. अंदाजपत्रकाच्या विषयात रोजगार हमीचे मोजमाप, किमान वेतन आणि बांधकाम कामगारांचा कायदा यांचा समावेश व्हावा. बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर कामगाराच्या कल्याणासाठी आहे, हे अंदाजपत्रक करणाऱ्याला ठाऊक नसावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. घरबांधणीची मानके सचित्र मराठीत निघावीत आणि गवंड्यांचे वर्ग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत भरावेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मोकळीक दिली. तिचा पहिला उपयोग याच शाखेत व्हावयास हवा, कारण स्थापत्याच्या पदवीधराला रोज ज्यांच्याशी बोलावयाचे असते ते मुकादम, गवंडी आणि मजूर मराठीतच बोलतात. आणि या सर्वांबरोबर शुल्काचा लढा चालू राहिला पाहिजे, कारण कर्जात बुडालेल्या पदवीधराकडून लोकसेवेची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा होईल.

सरकार यातले काही करीपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी स्थापत्याचे दोन-तीन विद्यार्थी शोधावेत, त्यांना अभ्यासवर्गाला बोलवावे आणि त्यांच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात: टेप कसा धरावा, मोजमाप पुस्तक कसे वाचावे, भिंतीतला आरपार दगड कसा ओळखावा आणि पाया कोठवर न्यावा. बदल्यात त्या विद्यार्थ्यांना एक दिवस कामावर न्यावे आणि मुरूम खोदणाऱ्यांच्या शेजारी उभे करावे. येता पावसाळा सुरू होण्यापूर्वी गावातील शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंती या दोघांनी मिळून तपासल्या, तरी कामाला आरंभ झाला असे म्हणता येईल.